२८ खणांचा गोळ्यांचा डबा: चार महिने वापरल्यानंतर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दवाखान्यातून घरी आणलं. त्याच संध्याकाळी कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानातून मी हा डबा घेतला. किंमत २४० रुपये. आठवड्याच्या सात पट्ट्या, प्रत्येक पट्टीला चार खण, म्हणजे एकूण २८. पट्टी सुटी करून खिशात घालता येते. प्लास्टिक जाड आहे, दोनदा फरशीवर पडला तरी तडा गेला नाही. खणांवर इंग्रजीत सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असं छापलेलं होतं. आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी पहिल्याच दिवशी पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर मराठीत लिहिलं. बरं झालं, कारण मूळ छपाई ऑगस्टपर्यंत पुसून गेली.

मी बावीस वर्षं मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. गोळ्या वाटणं हे माझं रोजचं काम. तरी डबा घेताना जी गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती ती आली नाही, आणि ती लक्षात येईपर्यंत तीन दिवस गेले. हा डबा तुम्हाला वेळ सांगतो, जेवण सांगत नाही. रक्तदाबाच्या गोळीला त्याने फार बिघडत नाही. अ‍ॅसिडिटीच्या आणि अल्सरच्या औषधांचं मात्र अर्धं काम जेवणाशी असलेल्या अंतरावर चालतं.

आधी मामांचं सांगते, म्हणजे डब्यात काय भरायचं होतं ते कळेल. वय ७६, तरुणपणी तालमीतले. गुडघे तेव्हाच गेलेले. गेली दोन वर्षं ते कोपऱ्यावरच्या एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गुडघ्याची गोळी आणत होते, कधी रोज एक, कधी दोन. त्यात डायक्लोफेनॅक होतं, पोटाच्या अस्तराला इजा करू शकणारं वेदनाशामक. दुकानदाराने एकदाही विचारलं नाही की पोट दुखतं का, किती दिवस घेताय. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मे महिन्याच्या शेवटी मामांना चक्कर येऊन ते न्हाणीच्या दारात बसले. शौचाला दोन दिवस काळं होत होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. एंडोस्कोपीत लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर निघाला, शिवाय पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला.

घरी सोडताना चिठ्ठीवर होतं ते असं. आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. जंतूवरची दोन अँटिबायोटिक्स, अमॉक्सिसिलिन एक ग्रॅम आणि क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, दोन्ही दिवसातून दोनदा, १४ दिवस. सुक्राल्फेटचं पातळ औषध दोन वेळा. रक्त गेलेलं म्हणून लोहाची गोळी. रक्तदाबाची गोळी आधीपासूनची. कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांनी त्या १४ दिवसांपुरती थांबवायला सांगितली, कारण क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायूंना त्रास होऊ शकतो. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनचंही तसंच, तिचा असरही वाढतो. म्हणून मी रोज संध्याकाळी मामांचा बीपी बघत होते.

डबा भरायच्या आधी आत्तींचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा केला. गेली दहा वर्षं घरातली औषधं त्यातच असतात. वर्तमानपत्र अंथरून एकेक पट्टी मांडली. अ‍ॅसिडिटीच्या म्हणून पाच निरनिराळ्या पट्ट्या निघाल्या: ओमेप्राझोल, राबेप्राझोल, पँटोप्राझोल, डोम्पेरिडोन हे मळमळीवरचं औषध घातलेलं पँटोप्राझोल, आणि एक जुनं रॅनिटिडीन. पहिल्या चारही एकाच कुळातल्या. रंग वेगळा, पाकीट वेगळं, मुख्य काम एकच. पोटात आम्ल सोडणारे जे पंप असतात ते बंद करायचं. मामा त्यातल्या दोन एकाच दिवशी घेत होते, एक जेवणाआधीची समजून आणि एक जळजळीवरची समजून. रॅनिटिडीनची पट्टी मुदत संपलेली होती. या औषधात एनडीएमए नावाची नको असलेली अशुद्धी आढळल्याचं २०१९ मध्ये समोर आलं, २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला सांगितलं, आणि आपल्याकडे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं गेलं. आमच्या वॉर्डात एके काळी ते पाण्यासारखं वापरलं जायचं. ती पट्टी हातात घेऊन मी थोडा वेळ बसून राहिले.

नवीन डबा चांगला की वाईट हा नंतरचा प्रश्न. तो आणल्यामुळे जुना डबा रिकामा झाला, एवढ्यासाठीही २४० रुपये वसूल झाले.

आता चूक. मी सोमवारची पट्टी भरली. सकाळच्या खणात पँटोप्राझोल, अमॉक्सिसिलिनच्या दोन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि बीपीची गोळी. माझी सकाळची ड्यूटी होती, साडेसहालाच निघाले. आत्तींना सांगून गेले की न्याहारीआधीची पांढरी छोटी गोळी आधी द्या. पण खण एकच. झाकण उघडलं की पाचही गोळ्या एकदम तळहातावर येतात. त्यातल्या तीन पांढऱ्या. आत्तींनी पाचही गोळ्या भाकरी खाल्ल्यावर दिल्या, आणि तीन दिवस तसंच चाललं. चौथ्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून ते दिसलं. आणखी एक दिसलं. मामांना अमॉक्सिसिलिनची मोठी गोळी गिळवत नव्हती, म्हणून आत्ती सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून मधातून चाटवत होत्या.

पँटोप्राझोलची गोळी कुटायची नसते. तिच्यावर एक आवरण असतं. पोटातल्या आम्लात औषध टिकत नाही, म्हणून ते आवरण गोळीला पोटातून सुखरूप पुढे नेतं आणि ती आतड्यात विरघळते. तिथून औषध रक्तात जातं आणि रक्तातून परत पोटाच्या अस्तरातल्या पंपांपर्यंत येतं. कुटली की ते वाटेतच वाया जातं. म्हणजे तीन दिवस मामांच्या पोटात बाकी सगळं गेलं, अल्सर भरून आणणारं औषध तेवढं जवळजवळ गेलं नाही.

आणि वेळेचं कारण असं. हे पंप खाल्ल्यावर चालू होतात. औषध चालू पंपालाच धरतं, झोपलेल्या पंपाला नाही. रक्तात ते तास-दोन तासच भरपूर असतं. म्हणून न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घेतलं, तर घास पोटात जातो त्या वेळी औषध तिथे हजर असतं. खाऊन झाल्यावर घेतलं तर आवरण विरघळून औषध पोचेपर्यंत पंपांची धांदल संपत आलेली असते. पूर्ण गुण यायलाही तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या दिवशी जळजळ थांबली नाही म्हणून कुणी गोळी बदलू नये. दवाखान्यात मी हे रोज सांगते. घरी मात्र डब्याने आमच्याकडून उलटं करून घेतलं.

मामांनी त्या दिवशी मला विचारलं, "पोरी, ही गोळी न्याहारीच्या आदी का मागनं, एकदा काय ते नक्की सांग. रोज येगळंच चाललंय." त्यांचं बरोबर होतं.

मग मी काय केलं ते लिहिते, कारण हा डबा घेणाऱ्या प्रत्येकाला ते करावं लागेल. त्याच दुकानातून ६० रुपयांची सात खणांची लाल पट्टी आणली. त्यात फक्त उपाशीपोटीची गोळी. ती पट्टी दात घासायच्या ब्रशशेजारी, आरशाखालच्या फळीवर ठेवली. मामा साडेसहाला तोंड धुतात, तिथेच गोळी घेतात, अख्खी, पाण्याबरोबर. न्याहारी साडेसातला. संध्याकाळच्या गोळीसाठी आणखी एक तशीच पट्टी आणली आणि देवघरापाशी ठेवली, दिवा लावायच्या वेळी घ्यायची. रात्रीचं जेवण मी साडेसातला आणलं. मोठ्या डब्यात मग खाल्ल्यानंतरच्याच गोळ्या राहिल्या, आणि झाकण उघडल्यावर जे हातात येईल ते सगळं घ्यायचं, हा नियम आत्तींना सोपा गेला. मोठी गोळी गिळवत नाही हे डॉक्टरांना फोनवर सांगितलं, त्यांनी तेच औषध कॅप्सूलमध्ये लिहून दिलं. ती पाण्याबरोबर सहज गेली. कुटायचा प्रश्नच मिटला.

सुक्राल्फेट डब्यात मावायचंच नाही, ते पातळ. तरी त्याचं लिहायला हवं, कारण घोळ होतो तो याच बाटलीवरून. हे औषध आम्ल कमी करत नाही. आम्लाचा स्पर्श झाला की ते चिकट होतं आणि अल्सरच्या जखमेवर लेपासारखं बसतं. पोटात अन्न असेल तर तो लेप अन्नावरच बसणार. म्हणून जेवणाच्या एक तास आधी किंवा जेवून दोन तास उलटल्यावर. आणि ते दुसऱ्या औषधांनाही चिकटून त्यांना रक्तात जाऊ देत नाही, म्हणून बाकी गोळ्यांशी दोन तासांचं अंतर. मी साडेअकरा आणि रात्रीचे दहा अशा वेळा ठरवल्या. बाटली जोरात हलवायची, नाहीतर वर पाणी आणि खाली गाळ राहतो. मापायला बाटलीबरोबरचं झाकण, घरचा चमचा नाही. याने शौचाला घट्ट होतं. मामांना झालं, म्हणून सकाळी कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी वाढवली.

लोहाची गोळी दुपारी साडेतीनला. तिच्या आधी-नंतर तासभर चहा नाही. कोल्हापुरात दुपारी साडेतीनला चहा नाही म्हणणं किती अवघड आहे हे मला कुणी सांगायला नको, पण मामांनी ते पाळलं.

लोहाच्या गोळीमुळे एक रात्र फार भीतीची गेली. आठव्या दिवशी मामांनी हाक मारली, "परत काळं झालंय." मी बॅटरी घेऊन गेले. नाक बंद न करता नीट बघितलं. आतड्यात रक्त गेलेलं असेल तर शौच डांबरासारखं असतं. काळंभोर, चकाकणारं, चिकट, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहणारं, आणि त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. वॉर्डात मी तो दारातूनच ओळखते. हे तसं नव्हतं. रंग काळपट हिरवा, घट्ट, वास नेहमीचा. नाडी बघितली, बसून आणि उभं करून बीपी घेतला, ठीक होता. तरी सकाळी हिमोग्लोबिन करून घेतलं, ते वाढलेलं आलं. ज्यांना असा फरक ओळखता येत नाही त्यांनी घरी थांबू नये. डांबरासारखं शौच, कॉफीच्या गाळासारखी किंवा लाल उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही असलं तर डब्यात कोणती गोळी आहे हे बघत बसायचं नाही, थेट दवाखाना.

डब्याच्या बाजूने आणि विरुद्ध आणखी काही. झाकणं पहिल्या महिन्यात इतकी घट्ट होती की मामांच्या जाड बोटांना उघडायची नाहीत. त्यांनी एकदा चाकूच्या टोकाने उघडायचा प्रयत्न केला. आता उलट झालंय, बुधवारची आणि शुक्रवारची झाकणं आपोआप उघडतात. जुलैत इथे पाऊस लागला की भिंतींना ओल येते, मीठ पाझरतं. अशा हवेत पट्टीतून काढलेल्या गोळ्या सात दिवस ठेवणं मला पटलं नाही. डबा हवाबंद नाही. सोमवारी भरलेल्या एका गोळीचा रविवारी रंग उडालेला दिसला. त्यानंतर पावसाळाभर मी तीनच दिवसांचं भरलं.

काही लोक यावर उपाय म्हणून गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून गोळी पाकिटासकट खणात ठेवतात. कृपा करून करू नका. वृद्ध माणसाने अंधारात किंवा घाईत ते पाकिटासकट गिळलं, तर त्याचे कोपरे अन्ननलिका चिरतात. असा रुग्ण मी बघितला आहे. मामांच्या बाबतीत मला तेवढी जोखीम नको होती.

१४ दिवसांचा कोर्स मामांनी एकही वेळ न चुकवता पुरा केला, याचं श्रेय मात्र मी डब्याला देते. क्लॅरिथ्रोमायसिनने तोंड कडू होतं, जिभेवर लोखंडाची चव राहते, आणि पोट बरं वाटायला लागलं की माणूस सहाव्या-सातव्या दिवशी सोडून देतो. मग जंतू उरतो आणि पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाही. डब्यात रिकामा खण आणि भरलेला खण डोळ्यांना दिसतो. मामा रोज रात्री मोजायचे, "आज दहावा. चार ऱ्हायले." मी त्यांना बॅरी मार्शलची गोष्ट सांगितली होती, तिचाही उपयोग झाला. अल्सर जंतूने होतो हे कुणी मानेना, तेव्हा या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये त्या जंतूंचं पाणी स्वतः पिऊन पोटाला सूज आणून दाखवली, आणि २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. मामांना ती कुस्तीच वाटली. "गडी कलिजाचा," म्हणाले.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण आल्या-गेल्या प्रत्येकाने मामांना एकच ऐकवलं होतं, तिखट बंद करा, तांबडा रस्सा बंद, मिसळ बंद. तिखटाने जळजळ वाढू शकते, ज्याला वाढते त्याने कमी करावं. पण मामांचा अल्सर मिसळीच्या कटाने झाला नव्हता. तो जंतूने आणि गुडघ्याच्या गोळीने झाला होता. रस्सा सोडून ती गोळी चालू ठेवली असती तर ते परत त्याच खाटेवर गेले असते. आता गुडघ्याला पॅरासिटामॉल, तेही मापात, आणि शेक. दुधाचंही तसंच. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायची त्यांची जन्माची सवय, जळजळ झाली की आणखी पेला. दुधाने घटकाभर थंड वाटतं, मागून पोट पुन्हा आम्ल सोडतं. दूध ते अजून पितात, औषध म्हणून नाही.

आठ आठवड्यांनी पँटोप्राझोल बंद झालं आणि लाल पट्ट्या धुऊन ठेवल्या. जंतू गेला का हे बघायची श्वासाची तपासणी त्यानंतर दोन आठवड्यांनी केली, कारण गोळी चालू असताना ती फसवी येऊ शकते. अँटिबायोटिक संपूनही किमान चार आठवडे जावे लागतात, ते कधीच झाले होते. त्या दोन आठवड्यांत जळजळीला डॉक्टरांनी अँटासिडचं पातळ औषध चालेल म्हणून सांगितलं. त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात, पहिल्याने घट्ट होतं, दुसऱ्याने पातळ, म्हणून जोडीने घालतात. लोहाच्या गोळीपासून ते दोन तास लांब ठेवलं. किडनीचा त्रास असलेल्यांनी हे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये, मॅग्नेशियम अंगात साठतं. तपासणी निगेटिव्ह आली.

त्यातली एक लाल पट्टी आता आत्तींकडे आहे. त्यांना थायरॉइडची गोळी, तीही उपाशीपोटी. त्या माळकरी, अंडंसुद्धा नाही, आणि चार वर्षांपूर्वी कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल त्या रोज घेत होत्या. अशी गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. आत्तींचं बी-१२ कमीच निघालं, पायाला मुंग्या त्यामुळेच येत असाव्यात असं डॉक्टर म्हणाले. कॅप्सूल एकदम बंद केली तर काही दिवस जळजळ उसळून येते आणि माणसाला वाटतं, बघा, मला ही लागतेच. म्हणून डॉक्टरांनी हळूहळू कमी करायला सांगितलं. सध्या दिवसाआड चालू आहे. शेजारच्या काकांच्या डब्यात ओमेप्राझोल आणि क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध, शेजारी-शेजारी दिसलं. ओमेप्राझोलने क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो. मी त्यांना काहीही बदलायला सांगितलं नाही, चिठ्ठी घेऊन त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी ओमेप्राझोलच्या जागी पँटोप्राझोल दिलं.

मोठ्या डब्याला पाचपैकी तीन. साठ रुपयांच्या लाल पट्टीला पाच. बनवणाऱ्यांनी सकाळच्या खणाचे दोन भाग करून एकावर "उपाशीपोटी" छापलं तर मी आमच्या वॉर्डातून घरी जाणाऱ्या प्रत्येकाला हाच घ्यायला सांगेन. दुकानदाराला हे बोलले, त्याने कंपनीला कळवतो म्हणून वहीत लिहून घेतलं. घेणार असाल तर दुकानातच सातही पट्ट्यांची झाकणं चार-चारदा उघडून मिटून बघा, आणि ज्याच्यासाठी घेताय त्या माणसाला बरोबर न्या, बोटं त्याची आहेत.